एमएस्सीला कुठला विषय घ्यावा, या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी कॉलेजातून बीएस्सी नर्सिंग नुकतंच झालं, ६८ टक्के मिळाले, नोंदणीचा अर्ज नर्सिंग कौन्सिलकडे गेला आहे. वडिलांनी साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंय. त्यांचं म्हणणं, एका दमात एमएस्सी उरकून टाक, म्हणजे कॉलेजात बसून नोकरी, नाइटची कटकट नाही, लग्नाचंही जमतं. मैत्रिणी नॉर्सेटच्या, म्हणजे एम्सच्या नर्स भरतीच्या परीक्षेच्या, क्लासला बसल्यात. एक एजंट जर्मनीला पाठवायचे चार लाख मागतोय. आणि या सगळ्या गोंधळात तू विचारतेस की एमएस्सीला कुठल्या विषयात जास्त स्कोप आहे.

मी या कामात बावीस वर्षं आहे. त्यातली काही वर्षं कॉलेजात शिकवण्यात गेली, बाकीची आयसीयूत, आणि आता पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या नर्सेसचं प्रशिक्षण माझ्याकडे आहे. वॉर्डात नव्या मुलींना 'तू' म्हणायची सवय जडलीय, तेच इथे येतंय, राग मानू नकोस.

विषय कुठला हे मी सांगेन, पण शेवटाकडे. कारण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस: एमएस्सी केली की माणूस वर जातो, फक्त कुठल्या जिन्याने जायचं एवढंच ठरवायचं. आपल्याकडे हे खरं नाही. एमएस्सीचा जिना एकाच मजल्यावर जातो, तो म्हणजे कॉलेज. तुला त्या मजल्यावर राहायचंय का, हा आधीचा प्रश्न.

नीट समजून घे. डॉक्टर एमबीबीएसनंतर एमडी करतो तेव्हा त्याचं रुग्णाशी असलेलं कामच बदलतं. नर्सिंगमध्ये तसं होत नाही. तू कार्डिओथोरॅसिकमध्ये एमएस्सी करून रुग्णालयात आलीस, तर बहुतेक ठिकाणी तुझ्या शेजारच्या बेडवर काम करणाऱ्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेल्या सिस्टरसारखीच ड्युटी लागेल. तीच तीन शिफ्टची लिस्ट, तोच हँडओव्हर, आणि पगारात असलाच तर हजार-दोन हजारांचा फरक. सरकारीतही अधिपरिचारिका म्हणून लागलीस की पुढे परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका, हा प्रवास मुख्यतः सेवाज्येष्ठतेने होतो. क्लिनिकल स्पेशालिस्ट नर्स असं वेगळं पद, वेगळे अधिकार, वेगळा पगार, हे पुस्तकात आहे, आस्थापना सूचीत फारसं सापडत नाही. एमएस्सीशिवाय जिथे खरंच अडतं ते म्हणजे कॉलेज. ट्यूटर बीएस्सीवरही होता येतं, पण असिस्टंट प्रोफेसरला एमएस्सी आणि तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो, आणि प्राचार्य व्हायला एकूण पंधरा वर्षं. ती साखळी चढायची असेल तर एमएस्सी हवीच.

आता माझीच गोष्ट सांगते, कारण तुझे वडील जे सांगताहेत तेच माझे वडील २००३ साली सांगत होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार एमएस्सीला बीएस्सीत किमान ५५ टक्के आणि त्यानंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. मी ते वर्ष वीस खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये काढलं. काढलं म्हणजे काय, सकाळी इंजेक्शनं, दुपारी बिलं, आणि वर्षअखेरीस डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र. मग मेडिकल सर्जिकलमध्ये एमएस्सी. प्रबंधाचा विषय होता अमुक आजाराच्या रुग्णांच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा, म्हणजे आखून दिलेल्या शिकवणीचा, परिणाम. हे वाचून नर्सिंगमधला कुणीही हसेल, कारण अर्ध्या देशाचा प्रबंध हाच असतो. निष्कर्षही ठरलेला, शिकवल्यावर ज्ञान वाढतं. २००६ साली मी लेक्चरर झाले.

दुसऱ्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन आयसीयू पोस्टिंगला गेले होते. एका रुग्णाच्या व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजायला लागला. दोनच दिवस आधी मी वर्गात त्या अलार्मची कारणं फळ्यावर क्रमाने लिहून दिली होती. नळीत स्राव साचणं, नळी दुमडणं, रुग्ण नळी चावणं, न्यूमोथोरॅक्स. सगळं पाठ होतं. हात मात्र हलेना. तिथली स्टाफ सिस्टर, माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान, म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला व्हा ना." तिने सक्शन करून नळीतला स्राव काढला, अलार्म थांबला, आणि ती पुढच्या बेडकडे गेलीसुद्धा. माझ्या मागे उभ्या असलेल्या आठ मुलींपैकी एकही काही बोलली नाही.

त्यानंतरही मी पाच वर्षं शिकवत राहिले, कारण पगार येत होता आणि सोय होती. मग २०१२ साली, एकतिसाव्या वर्षी, एमएस्सी होऊन सहा वर्षं झालेली असताना, आयसीयूत साधी स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले. पगार कॉलेजपेक्षा कमी. घरी कुणालाच पटलं नाही. पहिले सहा महिने माझी इन्चार्ज सिस्टर माझ्यापेक्षा कमी शिकलेली होती आणि मला येणारं एकही काम तिला माझ्याकडून शिकायचं नव्हतं. उलट सगळं मीच शिकत होते. आज मी ज्या खुर्चीत आहे तिथे डिग्री आणि तो आयसीयूतला काळ, दोन्ही मिळून पोचले, पण क्रम उलटा पडल्यामुळे माझी सहा वर्षं गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत्ता लगेच एमएस्सी करू नकोस. दोन वर्षं चांगल्या जागी काम कर, आणि त्या दोन वर्षांत तुला कळेल की वर्ग हवा, वॉर्ड हवा, परदेश हवा की गाव. याला अपवाद आहेत. तुला शिकवणंच आवडतं, कॉलेजात ज्युनिअर मुलींना प्रोसिजर समजावून सांगताना तुझा वेळ कसा जायचा हे कळायचं नाही, असं असेल तर एमएस्सीचं नक्की ठरव. पण तेव्हाही अनुभवाचं ते एक वर्ष कागदावर काढू नकोस, जिथे खरंच काम शिकवतात तिथे काढ. दुसरा अपवाद म्हणजे घरची परिस्थिती अशी असेल की शिफ्ट ड्युटी करणं खरोखरच शक्य नाही. ते तुलाच माहीत, मला नाही.

कॉलेजच्या नोकरीबद्दल वडिलांना एक गोष्ट मात्र नक्की सांग. 'बसून नोकरी' ही सरसकट मिळणारी वस्तू नाही. चांगली कॉलेजं आहेत, पगार वेळेवर देणारी, मुलींना खरंच रुग्णालयात नेणारी. आणि तपासणीच्या दिवशीच शिक्षक भरून दिसणारी कॉलेजंही आहेत. मला स्वतःला एकदा, नाव सांगत नाही, फक्त कागदपत्रं द्या, यायची गरज नाही, महिन्याला ठरावीक रक्कम खात्यावर येईल, असा निरोप आला होता. मी नाही म्हटलं, पण त्यांनी दुसरी कुणीतरी शोधलीच असणार. त्या दुसरीच्या बायोडेटावर आज शिकवण्याचा भरपूर अनुभव असेल. अशा ठिकाणी तू लागलीस तर तुझं काय होईल याचा विचार कर.

आता पैशाचा हिशेब, कारण कर्ज तुझ्या डोक्यावर आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज थांबलेलं नसतं. खासगी एमएस्सी म्हणजे दोन वर्षांची फी आणि वसतिगृह, शिवाय त्या दोन वर्षांत न मिळालेला पगार. पुण्या-मुंबईत नव्या मुलीला हातात बावीस हजार पडतात असं धर, तर चोवीस महिन्यांचे पाच लाख अठ्ठावीस हजार होतात. तुझं आत्ताचं अख्खं कर्ज त्याहून कमी आहे. वडिलांशी बोलताना हा आकडा कागदावर लिहून समोर ठेव. माझा अनुभव आहे, वडील मंडळी करिअर वगैरे शब्दांना दाद देत नाहीत, आकड्याला देतात.

पगाराचा विषय निघालाच आहे तर हेही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने नर्सला सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही वीस हजारांच्या खाली जाऊ नये. ती शिफारसच राहिली. पण तालुक्याच्या गावात कुणी तुला नऊ हजारांवर 'शिकायला मिळेल' म्हणून बोलावलं तर हा आकडा लक्षात असू दे.

पहिली नोकरी निवडताना मी पगारापेक्षा चार गोष्टी बघायला सांगते. पहिली, रात्रीच्या पाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात. कौन्सिलचे निकष आयसीयूत एकास एक आणि साध्या वॉर्डात एकास तीन ते पाच असे आहेत. प्रत्यक्षात ते कुठेही तंतोतंत पाळले जात नाहीत, पण व्हेंटिलेटरवरचे दोन रुग्ण आणि चार रुग्ण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चार असतील तर तू काम शिकणार नाहीस, फक्त रेटायला शिकशील. दुसरी, नव्या मुलीला किती दिवस कुणाच्या हाताखाली ठेवतात. दुसऱ्याच आठवड्यात एकटीला नाइट लावत असतील तर ती जागा नको. तिसरी, सुरुवातीला कुठे टाकणार. मुलाखतीत विचारायला लाजू नकोस. मी स्वतः मुलाखती घेते, हे विचारणारी मुलगी मला आवडते. आणि चौथी, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का. घेत असतील तर पगार कितीही असो, उठून ये. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घ्यायचे. मूळ कागद अडकल्यामुळे दुसरी नोकरी गमावलेल्या मुली दरवर्षी भेटतात.

सरकारी नोकरीबद्दल. तुझ्या सगळ्या वाटांमध्ये वयाने सगळ्यात आधी बंद होणारं दार नॉर्सेटचं आहे, म्हणून ते हलक्यात घेऊ नकोस. ही परीक्षा २०२० पासून दिल्लीचं एम्स घेतं, आणि तिच्यातून देशभरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर भरतात. आपलं नागपूर एम्सही त्यात आलं. बीएस्सी झालेल्यांना अनुभवाची अट नाही, म्हणजे नोंदणी हातात आली की तू लगेच बसू शकतेस. वयोमर्यादा सर्वसाधारण प्रवर्गाला ३० वर्षं, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सूट. जागांपैकी ऐंशी टक्के स्त्रियांसाठी, वीस टक्के पुरुषांसाठी, त्यामुळे तुझ्या वर्गातल्या ब्रदर मंडळींना जास्त घाम गाळावा लागतो. मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. पूर्वपरीक्षेत शंभर प्रश्न, त्यातले ऐंशी नर्सिंगचे, आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. आपल्या मुलींचं घोडं बऱ्याचदा उरलेल्या वीस प्रश्नांत, म्हणजे गणित-बुद्धिमत्ता-सामान्य ज्ञानात, अडतं.

राज्याच्या भरतीला, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभाग किंवा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अधिपरिचारिका पदाला, मूळ वेतन ३५,४०० पासून आहे, पण वयाची मुदत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मिळते. फक्त जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे नोकरी करता करता दोन-तीन वेळा नॉर्सेट दे. नोकरी सोडून वर्षभर लायब्ररीत बसू नकोस. यात माझं मत क्लासवाल्यांच्या विरुद्ध आहे हे मला माहीत आहे, पण नोकरी करत असलेली मुलगी वॉर्डात रोज औषधांचे डोस, ईसीजी, जन्मलेल्या बाळाचा ॲपगार बघते, आणि ते ऐंशी प्रश्न यातूनच येतात. सैन्याची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसही बघून ठेव. थेट लेफ्टनंट म्हणून घेतात, फक्त मुलींना, आणि त्या गणवेशाची गावात जी किंमत असते ती तुझ्या वडिलांना मी सांगायची गरज नाही.

गावातच राहायचं असेल तर उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आहे, २०१८ नंतर आयुष्मान भारतमधून आलेलं. कंत्राटी आहे, हा त्याचा मोठा दोष. पण स्वतःच्या डोक्याने रुग्ण तपासायची, बीपी-शुगरचे रुग्ण महिनोन्‌महिने सांभाळायची, गर्भवतींच्या मागे लागायची मुभा रुग्णालयातल्या नर्सला क्वचितच मिळते, ती तिथे मिळते.

जर्मनी. इथे जरा थांबते, कारण चार लाखांचा प्रश्न आहे.

जर्मनीला नर्स हव्या आहेत हे खरं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. पण एजंटाला तीन प्रश्न विचार. एक, मला तिथे मान्यताप्राप्त नर्स म्हणून नेणार की आउसबिल्डुंगला, म्हणजे तीन वर्षांच्या तिथल्या नर्सिंग प्रशिक्षणाला, पहिल्या पायरीपासून विद्यार्थी म्हणून? बीएस्सी झालेल्या मुलींनाही या दुसऱ्या वाटेने पाठवतात आणि त्यांना ते तिथे गेल्यावर कळतं. तुझ्याकडे चार वर्षांची पदवी आहे, तिची मान्यता करून घेण्याची स्वतंत्र प्रक्रिया आहे. दोन, भाषा कुठपर्यंत शिकवणार? नर्स म्हणून पूर्ण मान्यतेला साधारणपणे जर्मन भाषेची बी-टू ही पातळी लागते. बी-वनवर जाता येतं, पण मग तिथे सहायक म्हणून राबत राबत बी-टू आणि ज्ञानपरीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पुरं करावं लागतं. शून्यापासून बी-टू म्हणजे मन लावून वर्ष-दीड वर्ष. तीन महिन्यांत म्हणणारा खोटं बोलतोय. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: पैसे माझ्याकडून का? जर्मन सरकारने परदेशी नर्सेसच्या न्याय्य भरतीसाठी जे दर्जाचिन्ह ठेवलंय त्याचं तत्त्वच हे आहे की भरतीचा खर्च मालकाने उचलायचा. आणि आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि त्याला सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव टाकून बघ. मला वाटतं तिथेच तुझं उत्तर मिळेल.

बाकी देशांबद्दल पटकन. अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी लागणारी एनक्लेक्स परीक्षा आपल्या मुली पास होतात, पण परीक्षा आणि व्हिसा या वेगळ्या गोष्टी आहेत. नर्सेस ज्या वर्गातून ग्रीन कार्डला जातात त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे, आणि ही गोष्ट क्लासच्या जाहिरातीत नसते. ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा, मग तिथे जाऊन ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. पण अलीकडे त्यांनीच परदेशी भरती आखडती घेतलीय. आखातात जायला बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. बघ, इथेही पुन्हा तीच दोन वर्षं येतात. अनुभव चांगल्या, नाव असलेल्या रुग्णालयातला असेल तर परदेशात त्याचा उपयोग होतो. वीस खाटांच्या नर्सिंग होमच्या प्रमाणपत्राला तिथे फारसं वजन नसतं. आणि तिथे एमएस्सी कुणी विचारत नाही. म्हणजे परदेशी जायचं असेल तर एमएस्सीची दोन वर्षं भाषेला दिलेली बरी.

इथवरचं सगळं एका दमात सांगायचं तर: पुढची दोन वर्षं मोठ्या रुग्णालयात काम, त्यातच नॉर्सेटचे दोन-तीन प्रयत्न, हप्ता सुरू व्हायच्या आत थोडी शिल्लक, आणि जर्मनीच्या चार लाखांना नकार. पंचविसाव्या वर्षी पुन्हा विचार. पंचवीस म्हणजे काही उशीर नाही.

तेव्हा एमएस्सी करायचीच ठरली तर विषयाचं बघू. मेडिकल सर्जिकलला जागा सगळ्यात जास्त, म्हणून शिकवायच्या नोकऱ्याही जास्त, आणि स्पर्धकही. त्यात क्रिटिकल केअर, कॅन्सर, न्यूरो, कार्डिओ असे पोटविषय असतात. जिथे काम केलंस तोच घे. ऑन्कोलॉजीत कधी किमोथेरपी दिली नसताना ऑन्कोलॉजीत एमएस्सी करणारी मुलगी म्हणजे २००६ मधली मी. प्रसूती आणि बालरोग या विषयांना प्रत्येक कॉलेजात माणूस लागतो. मानसोपचाराकडे आपल्या मुली तोंड वाकडं करून बघतात, घरचेही म्हणतात, वेड्यांच्या दवाखान्यात कशाला जातेस. माझं मत उलट आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचार नर्सचं पद असतं, व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन केंद्रांना माणसं मिळत नाहीत, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारख्या ठिकाणी शिकायला मिळालं तर त्या नावावर पुढची दारं उघडतात. एक अट आहे, तुला माणसांचं ऐकून घेता आलं पाहिजे. सामुदायिक आरोग्य हा विषय वर्गात सगळ्यात रटाळ शिकवतात, पण कॉलेजच्या बाहेरही नोकऱ्या असलेला तो विषय आहे. लसीकरण, क्षयरोग, माता-बाल कार्यक्रम, स्वयंसेवी संस्था, सगळीकडे चालतो.

एमएस्सी सोडून इतर शिक्षणही आहे, त्याचं कुणी तुला नाव सांगितलेलं दिसत नाही. वॉर्डातच राहायचं असेल तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा: क्रिटिकल केअर, नवजात शिशू, ओटी, किडनी, कॅन्सर. निम्म्या वेळात, कामात राहून, हाताला वळण लावणारं शिक्षण. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, अडीच वर्षं काम आणि नवजात शिशूचा डिप्लोमा असलेली मुलगी मुलाखतीला आली की मी पगारावर घासाघीस होऊ देत नाही. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्सही कौन्सिलने आणला. अभ्यासक्रम मला फार आवडतो, पण तो करून आलेल्यांना त्या नावाचं पद फार थोड्या रुग्णालयांत आहे. मन लावून शिकायचं असेल तर कर, पगाराच्या आशेने करू नकोस. सुईणपणाचं स्वतंत्र शिक्षण, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर सुरू झालं. प्रसूतीगृहात रमणारीने त्याच्यावर नजर ठेवावी.

आणि नर्सिंगमधून थोडं बाजूला सरकायचं असेल तर सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापन. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दोन्ही आहे. तिथे वर्गात डॉक्टर, दंतवैद्य, समाजकार्यवाले असतात, आणि रात्रीच्या पाळीत वॉर्ड कसा चालतो हे त्यांच्यापैकी फक्त नर्सला माहीत असतं. काही कामं तर पदवीच्या पलीकडची आहेत: इन्फेक्शन कंट्रोल नर्स, एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयाच्या मानांकनासाठीचं, दर्जाचं काम, अवयवदानाची समन्वयक. माझी एक जुनी सहकारी अवयवदानाच्या समन्वयात गेली. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर एखाद्या कुटुंबासमोर बसून विचारण्याचं काम आहे ते. तिने त्यासाठी एमएस्सी केली नाही, चौदा वर्षं आयसीयू केली.

लग्न आणि नाइट याबद्दल तू फक्त एक ओळ लिहिलीस, म्हणून मीही थोडंच बोलते. स्थळं बघताना 'मुलगी नर्स आहे पण नाइट करणार नाही' असं घरचे सांगून टाकतात, तुला न विचारता. तसं होऊ देऊ नकोस. नाइट करणार, शिफ्ट असणार, हे आधीच समोर ठेव. माझ्या हाताखालच्या किती मुलींनी लग्नानंतर सहा महिन्यांत नोकरी सोडली हे मोजत बसले तर मन उदास होतं, आणि त्यातल्या बहुतेकींना काम आवडत होतं.

शेवटचं, कागदपत्रांचं. हे आजच कर. दहावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट आणि कौन्सिलची नोंदणी, चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच हवं. वडिलांच्या नावात एका ठिकाणी 'राव' आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून परदेशी पडताळणी महिनोन्‌महिने अडते. कॉलेजातून सगळ्या वर्षांचे ट्रान्स्क्रिप्ट आणि तासांचा तपशील असलेला अभ्यासक्रम, सही-शिक्क्यासह, दोन-दोन प्रती आत्ताच मागून घे. तुला ओळखणारा क्लार्क अजून तिथे आहे तोवर ते आठवड्यात मिळतं. पाच वर्षांनी गेलीस तर कोण विचारतंय. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे, तास लागतात, तेव्हा रुग्णालयात जी कार्यशाळा होईल तिचं प्रमाणपत्र फायलीत लावत जा.

आणि एक राहिलं. तुझ्या कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होतो आणि तू कुठल्या प्रवर्गातून येतेस, हे लिहिलं नाहीस. शिल्लक टाकायला किती वेळ आहे आणि नॉर्सेटचे किती प्रयत्न तुझ्या हातात आहेत हे त्यावर ठरतं. ते कळव, मग पुढचं बघू.